अर्धा न्यूट्रॉन

“वजा करा, मग बोला.”

हे म्हणताना मास्तर उजव्या हाताच्या बोटाने हवेत दोन आकडे लिहायचे. एक वर, एक त्याच्या खाली. मग तळहाताने दोन्ही पुसायचे आणि समोरच्याकडे पाहायचे, जणू उत्तर त्याच्या कपाळावर उमटणार होतं. स्टँडवर एसटी किती उशिरा आली यावर वाद चालला असला तरी हेच. विहिरीचं पाणी गेल्या वर्षापेक्षा किती खाली गेलं यावर बायका बोलत असल्या तरी हेच. बायका हसायच्या. मास्तरांना त्याचं काही वाटत नसे.

तुमच्याही शेजारात असा एखादा माणूस राहून गेला असेल. त्याचं एक वाक्य आपण चेष्टेने उचलतो, घरात सगळे ते वापरायला लागतात, आणि माणूस गेल्यावर वाक्य तेवढं मागे राहतं. आमच्या घरात हे वाक्य अजून आहे. आमच्या सौभाग्यवती पोळ्या मोजताना ते म्हणतात.

मी त्या वेळी कडेगावच्या बाजूला एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होतो. काट्यावरचं काम म्हणजे दिवसभर वजाबाकी. उसाने भरलेली गाडी काट्यावर येते, तिचं वजन घ्यायचं. गाडी गव्हाणीकडे, म्हणजे ऊस गाळपाला घेतात तिकडे जाते, तो टाकते आणि परत काट्यावर येते. रिकाम्या गाडीचं वजन घ्यायचं. भरल्यातून रिकामं वजा केलं की शेतकऱ्याचा ऊस. तेव्हा “वजा करा, मग बोला” हा उपदेश मला तरी नव्याने करण्याची गरज नव्हती. मास्तरांना हे कळलं त्या दिवसापासून ते मला काटेसाहेब म्हणायला लागले. माझं खरं आडनाव त्यांनी नंतर कधी उच्चारल्याचं आठवत नाही.

आम्ही एका भिंतीच्या दोन बाजूंना राहत होतो. मास्तर जतकडचे. तिकडची बोली कानडीला लागून असते, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात पदोपदी ‘वो’ यायचं. बिऱ्हाड गावाकडे आणि हे इथे एकटे. वय तिशीच्या आसपास. अंगाने काटकुळे, सायकल मात्र दणकट. भाकरी स्वतः थापायचे आणि ती इतकी जाड असे की तव्यावर टाकल्याचा आवाज भिंतीपलीकडे आम्हाला ऐकू यायचा.

सांगलीला राहून त्यांनी विज्ञानाची पदवी घेतली होती, पण वनस्पतिशास्त्रात. त्याच सुमाराला अकरावीची मॅट्रिक गेली आणि दहावीची परीक्षा आली. नव्या पुस्तकांत अणू आला, त्यात प्रोटॉन, न्यूट्रॉन, समस्थानिक आले. गावच्या हायस्कुलात हे शिकवायला कोणी नव्हतं. मास्तरांना घेतलं ते या कामासाठी. दोन वर्षं काम पाहायचं, पटलं तर कायम करायचं, अशा बोलीवर. दुसऱ्या वर्षाचा मे महिना आला की संस्था ठरवणार होती. कायम झाले तर बिऱ्हाड आणणार होते. पलीकडची खोली लहान पडेल का, असं त्यांनी आमच्या घरी दोनदा विचारलं होतं.

“पानं-फुलं शिकलो नि शिकवतोय काय तर अणू,” ते म्हणायचे. “पर गणित सोपं हाय की वो. वरच्यातनं खालचा काढायचा.”

ते मला त्यांनी एका संध्याकाळी ओट्यावर खडूने समजावलं. मूलद्रव्याचं चिन्ह लिहायचं. त्याच्या डाव्या अंगाला खाली अणुअंक, म्हणजे प्रोटॉन किती. वर वस्तुमानांक, म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून किती. वरच्यातून खालचा गेला की न्यूट्रॉन उरले. सोडियम असेल तर तेवीसातून अकरा गेले, बारा. कार्बन असेल तर बारातून सहा गेले, सहा.

मी म्हणालो, “मास्तर, हे माझ्या काट्यासारखंच आहे.”

मास्तरांनी हातातला खडू ओट्यावर ठेवला. मग म्हणाले, “काटेसाहेब, पोरांना घिऊन येऊ का तिकडं?”

हंगाम सुरू होऊन महिना झाला होता. एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ते दहावीचा अख्खा वर्ग घेऊन काट्यावर आले. चाळीसेक मुलंमुली, पुढे सायकल हातात धरून मास्तर. गाडीवान बघत राहिले. मास्तर काट्याच्या बाजूला दगडावर चढून उभे राहिले. सुरुवात पुस्तकी भाषेत केली आणि तिसऱ्या वाक्याला घसरले.

“तर विद्यार्थ्यांनो, ही गाडी म्हणजे प्रोटॉन. गाडीवरून आपण मालक ओळखतो. आता ऊस म्हणजे न्यूट्रॉन. ऊस कधी जास्त, कधी कमी. पर आज भार हलका आला म्हणून पाटलाची गाडी शिंद्याची हुती व्हय रं?”

“न्हाई सर!”

“तसंच. प्रोटॉन त्येवढंच, तर मूलद्रव्य त्येच. न्यूट्रॉन कमीजास्त, तर समस्थानिक. गाडी तीच, भार येगळा. आता भरली गाडी वरचा आकडा, रिकामी गाडी खालचा आकडा. काय करायचं?”

“वजा करायचं, सर!”

“मग?”

“मग बोलायचं!”

रांगेतला एक म्हातारा गाडीवान बैलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, “आवं मास्तर, पोरं शिकत्यात त्ये ब्येस हाय, पर मदनं सरका. बैलं तापल्यात.”

मी बरीच वर्षं त्या काट्यावर होतो. तिथे कोणी टाळ्या वाजवल्याचं मी तेवढ्या एका दिवशी ऐकलं.

त्यांच्या त्या वर्गात बिरू नावाचा एक मुलगा होता. मेंढपाळाचा. घर जतच्या बाजूचं, इथे मामाकडे शिकायला राहिलेला. काट्यावर आला तेव्हा तो मागे उभा होता आणि वजनाची दांडी कशी सरकवतात ते वाकून बघत होता. निघताना त्याने मास्तरांना विचारलं, “सर, काल तुमी क्लोरीनचं साडेअठरा सांगितलं. त्यो अर्धा न्यूट्रॉन तुटून राहिल्याला असतो का? आन् उरल्याला अर्धा कुठं जातो?”

क्लोरीन म्हणजे ग्रामपंचायत विहिरीत जी पावडर टाकते तिच्यातला. पुस्तकाच्या शेवटी मूलद्रव्यांचा तक्ता होता आणि त्यात क्लोरीनपुढे साडेपस्तीस छापलं होतं. अणुअंक सतरा. साडेपस्तीसातून सतरा गेले, साडेअठरा उरले. मास्तरांनी तसंच फळ्यावर लिहून दिलं होतं.

मास्तर हसले. “लय खोल जाऊ नगंस रं. निसर्गात समदं पुरंच असतं असं न्हाई. चल, सायकल धर.”

बिरूने सायकल धरली. विषय तिथे संपला.

नाताळच्या सुट्टीनंतर बिरू शाळेत आलाच नाही. घरी मेंढरांमागे माणूस कमी पडत होतं, बापाने बोलावून घेतलं. अशी मुलं दर वर्षी एकदोन कमी व्हायची. शाळा त्यांची नावं हजेरीतून कमी करायची.

पुढे फेब्रुवारीत, दहावीची मुलं अभ्यासाला घरी बसलेली असताना, एका रविवारी दुपारी मास्तर काट्यावर चहाला आले. हंगामात आम्हाला रविवार नसायचा. मी पंधरवड्याचा तक्ता करत होतो. मास्तरांनी मान वाकडी करून तो वाचला.

“ही साडेएकोणीस क्विंटलची गाडी कुणाची वो?”

“कुणाचीच नाही. ती सरासरी आहे.”

“पर लिवलीय तर.”

“लिहायची पद्धत आहे. भरल्या गाडीचं सरासरी वजन. पंधरा दिवसांत बरोबर तेवढी एकही गाडी आली नसेल.”

मास्तर कपाला तोंड लावणार होते, ते थांबले.

“आन् ह्या सरासरी गाडीतनं रिकामी गाडी वजा केली तर?”

“तर सरासरी ऊस निघेल.”

“एका गाडीतला न्हाई?”

“एका गाडीतला कसा निघेल? त्याला ती एक गाडी तोलावी लागेल.”

मास्तरांनी कप खाली ठेवला. बोटाने हवेत वर एक आकडा लिहिला, खाली एक लिहिला. पुसले मात्र नाहीत. हात तसाच वर राहिला. बाहेर गाडीवान ओरडत होते. चहावर साय धरली.

“मी सरासरीतनं वजा केलं वो,” ते म्हणाले.

मला तेव्हा नीट कळलं नाही. ते उठून गेले, चहा तसाच ठेवून.

दुसऱ्या दिवशी ते रजा टाकून पहिल्या एसटीने सांगलीला गेले, आपल्या जुन्या कॉलेजात. संध्याकाळी परत आले ते थेट आमच्या ओट्यावर बसले. सौभाग्यवतींनी पाणी दिलं.

“वहिनी, चाळीस पोरांना चुकीचं शिकवून आलोय,” ते म्हणाले. “काटेसाहेब, क्लोरीन दोन हाईत. एक पस्तीसवाला, एक सदतीसवाला. दोनी खरं. साडेपस्तीसवाला कुठंच न्हाई. चारांतलं तीन पस्तीसचं, एक सदतीसचा. आता तुमी करा.”

मी केलं. पस्तीस त्रिक एकशेपाच. त्यात सदतीस, एकशेबेचाळीस. चाराने भागलं. साडेपस्तीस.

“बरोबर येतं,” मी म्हणालो.

“येनारच. मग वरच्यातनं खालचा काढा. पस्तीसातनं सतरा गेलं, अठरा. सदतीसातनं सतरा गेलं, ईस. अठरा न्हाईतर ईस. मदला साडेअठरा कुणाच्याच पोटात न्हाई.” मग ते म्हणाले, “बिरूनं इचारलं हुतं वो. त्याला सायकल धरायला लावली.”

खरा आकडा साडेपस्तीसापेक्षा किंचित कमी आहे, असं मला बऱ्याच वर्षांनी आमच्या मुलाच्या पुस्तकात दिसलं. मास्तरांना ते ठाऊक होतं की नाही, मी सांगू शकत नाही. अठरा आणि वीस बरोबर आहेत, एवढं मी तपासून घेतलं आहे.

आता कोणीही म्हणेल, एवढंच आहे तर मुलं परीक्षेचे नंबर घ्यायला शाळेत येतील तेव्हा एकत्र सांगून टाकावं. मास्तरांनीही तेच ठरवलं होतं. त्यांनी हेडमास्तरांची परवानगी मागितली आणि तिथे अडलं. हेडमास्तर वाईट नव्हते. परीक्षेच्या तोंडावर ‘शिकवलेलं चूक होतं’ असं शिक्षकाने उभं राहून सांगितलं तर मुलं घाबरतील, आईबाप येतील, असं त्यांचं म्हणणं होतं. शाळेत याचा उच्चार करायचा नाही, असं त्यांनी बजावलं.

“बरं,” मास्तर म्हणाले. “शाळंत न्हाई सांगत.”

आणि ते सायकल घेऊन गावोगाव निघाले.

तुम्ही त्या बाजूला गेला असाल तर रस्ते ठाऊक असतील. पाण्याच्या बाजूला ऊस, आणि चढण चढून गेलं की माळ. शाळेत दोन्हीकडची मुलं यायची. मास्तर शाळा सुटली की निघायचे आणि दिवेलागणीला परत यायचे. घोट्यापर्यंत पांढरी धूळ. रोज दोन घरं, कधी तीन. परत आले की भिंतीपलीकडून सांगायचे, “काटेसाहेब, आज दोगं झाले.”

एका सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेलो. हौस म्हणून. नक्की काय सांगतात ते ऐकायचं होतं.

ज्या घरी गेलो तिथला बाप फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला. मिशा, खाकी अर्धी चड्डी, अंगणात खाट. मुलगा उसाला पाणी पाजायला गेला होता. सुभेदारांनी हाळी देऊन बोलावून घेतलं.

“काय केलंय ह्यानं?” ते मास्तरांना म्हणाले. “सांगा. पट्टा काढतो.”

“त्यानं न्हाई. मी केलंय,” मास्तर म्हणाले.

मुलगा चिखलाच्या पायांनी येऊन उभा राहिला. मास्तरांनी अंगणातल्या मातीत काडीने आकडे काढले. साडेपस्तीस लिहून त्यावर आडवी रेघ मारली. खाली पस्तीस आणि सदतीस वेगवेगळे लिहिले. “ह्यो सरासरीचा आकडा हुता. त्यातनं वजा करायचं नव्हतं. मी करून दिलं, मी चुकलो. क्लोरीनचं न्यूट्रॉन अठरा न्हाईतर ईस. अर्धा न्यूट्रॉन नसतो. म्हण.”

“अर्धा न्यूट्रॉन नसतो.”

“किती?”

“अठरा न्हाईतर वीस, सर.”

“जा, पाणी फुटंल तिकडं.”

मुलगा गेला. सुभेदार खाटेवर नीट बसले.

“एवढ्यासाठी सायकल मारत आला?”

“व्हय.”

“किती मार्काचं हाय ह्ये?”

“ईल का न्हाई त्येच ठावं न्हाई. आलं तर एक मार्क.”

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. “आमच्या पलटणीत एक कायदा हुता. ऑर्डर कॅन्सल झाली तर कॅन्सल झाल्याली ऑर्डर शेवटच्या जवानापतुर पोचली पायजे. एक जरी मागं राहिला तर त्यो जुन्याच ऑर्डरवर पुढं जातो. जातो आन् मरतो.” मग घरात बघून ओरडले, “आगं, मास्तरांना दूध द्या. चा नगं, दूध.”

मास्तर दूध प्यायले. मला वाटतं, त्या सगळ्या फेऱ्यांत त्यांना मिळालेली शाबासकी एवढीच. इतर घरी काय झालं तेही मी त्यांच्याकडून ऐकत होतो. एके ठिकाणी आजी म्हणाली, “मास्तर, निम्माच चुकलाय न्हवं? असू द्या.” दुसरीकडे मुलीचा बाप म्हणाला, मग बाकीचं तरी बरोबर शिकवलंय कशावरून? तो बाप संस्थेच्या अध्यक्षांच्या भावकीतला होता.

आठवड्याभरात हेडमास्तर माझ्या घरी आले.

“तुम्ही शेजारी आहात, तुमचं ऐकतील. समजवा जरा त्यांना.”

“काय समजावू?”

“अहो, एका न्यूट्रॉनचा अर्धा भाग! तो डोळ्यांना दिसत नाही. तो असला काय आणि नसला काय? मे महिन्यात यांचा कागद संस्थेपुढे जाणार आहे. अध्यक्ष काल मला विचारत होते, तुमचे विज्ञानाचे सर घरोघर जाऊन मी चुकीचं शिकवलं म्हणून सांगतात, हे खरं का? मी काय उत्तर देऊ?”

“खरं आहे म्हणून सांगा.”

हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं आणि चहा संपवला. “तुम्ही दोघं एका भिंतीला राहता ते शोभतं,” असं म्हणून गेले.

मी निरोप पोचवला. मास्तर भाकरी थापत होते. सगळं ऐकून घेतलं.

“राहिलं किती म्हाईत हाय का?” ते म्हणाले. “पाच. आन् बिरू.”

“बिरू परीक्षेला बसणार नाही. त्याचं नावसुद्धा हजेरीत नाही. त्याला कशाला सांगायचं?”

मास्तरांनी भाकरी तव्यावर टाकली. धप्पकन आवाज झाला. “परीक्षेला बसनारी पोरं इसरतील वो. पेपर झाला की समदं इसरतील. त्यो इसरायचा न्हाई. त्यानं मनापासनं इचारलं हुतं. त्याच्या डोक्यात त्यो अर्धा तसाच हाय. मेंढरं राखत बसला असंल आन् उरल्याला अर्धा कुठं जातो म्हणून बगत असंल.”

पाच घरं झाली. मग एका रविवारी ते जतला गेले. बिरूच्या वस्तीवर म्हातारी माणसं तेवढी होती. मेंढरं चाऱ्याच्या मागे पलीकडे कर्नाटकात गेली होती, कुठल्या गावच्या शिवारात ते कोणाला सांगता आलं नाही. पुढच्या रविवारी मास्तर पुन्हा गेले, त्या वेळी एसटीने सीमेपर्यंत आणि पुढे चालत. एक कळप भेटला, तो दुसऱ्यांचा निघाला. परत आले तेव्हा भिंतीपलीकडून काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सौभाग्यवतींना म्हणाले, “वहिनी, कानडीत न्यूट्रॉन कसा सांगायचा ह्येच कळंना. समदी मला औषध इकनारा समजली.”

परीक्षा झाली. विज्ञानाचा पेपर सुटल्यावर मास्तर केंद्राबाहेर उभे होते. क्लोरीन आला नव्हता. कार्बन आला होता.

“मग?” मी विचारलं. “एवढी सायकल मारली ती.”

“कार्बन बरोबर शिकवला हुता,” ते म्हणाले, आणि त्यावर ते खूश होते.

मे महिन्यात संस्थेची बैठक झाली. मास्तरांना कायम केलं नाही. त्यांच्या जागी अध्यक्षांच्या नात्यातला, बीएड झालेला एक तरुण जूनपासून येणार होता. हे न्यूट्रॉनमुळे झालं असं मी म्हणणार नाही. तो तरुण त्याच वर्षी बीएड झाला होता, आणि बैठकीत काय बोलणं झालं ते मी ऐकलेलं नाही. दोन गोष्टी लागोपाठ घडल्या, इतकंच मला माहीत आहे.

मास्तरांनी सामान बांधलं. सामान फार नव्हतंच. एक ट्रंक, एक वळकटी, तवा. सायकल एसटीच्या टपावर चढवताना कंडक्टरशी थोडी बाचाबाची झाली. जतच्या पलीकडे कुठेतरी एक नवी शाळा निघते आहे, तिथे बोलावलं आहे, असं ते म्हणाले. शाळेचं नाव अजून ठरायचं होतं. तेव्हा पत्ता मागण्यात अर्थ नव्हता.

एसटी सुटण्याआधी खिडकीतून म्हणाले, “काटेसाहेब, तुमच्या काट्यावर समद्या मुलखाच्या गाड्या येत्यात. बिरू कवा दिसला तर सांगा.”

“सांगतो,” मी म्हणालो. आपण असं म्हणतोच.

पलीकडच्या खोलीत नंतर एक कंपाउंडर राहायला आला. त्याच्या भाकरीचा आवाज येत नसे.

तीन हंगाम गेले. चौथ्या हंगामात गाळप जोरात असताना एक दिवस सकाळी टायरगाडी काट्यावर आली. गाडीवान नवीन दिसत होता. डोक्याला पटका, मिशी नुकतीच फुटलेली. मी दांडी सरकवत होतो. तो खाली उतरून खिडकीशी आला आणि वाकून दांडीकडे पाहायला लागला. असं वाकून पाहणारे फार नसतात.

“तू बिरू काय रे?”

तो दचकला. “व्हय. तुमाला कसं ठावं?”

“शाळेचा वर्ग घेऊन मास्तर इथे आले होते. तू होतास.”

“व्हय, व्हय. आता मेंढरं कमी केली. मामाची गाडी हाकतो.”

मागे गाड्यांची रांग होती. मागचा गाडीवान शिट्टी मारत होता. मी पावती त्याच्यापुढे धरली, पण सोडली नाही. मला स्वतःलाच ते विचित्र वाटत होतं.

“मास्तरांचा तुला एक निरोप आहे. क्लोरीनचे न्यूट्रॉन साडेअठरा नाहीत. ती सरासरी होती. अठरा असतात नाहीतर वीस. अर्धा नसतो.”

बिरू माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मला वाटलं, याला काही आठवत नसणार. इतकी वर्षं झाली, ऊन, मेंढरं, गाडी.

“ओ काटेवाले,” मागून आरोळी आली, “पावती द्या की! का पोरगी दाखवताय त्याला?”

बिरू पावती घेऊन गेला. गाडी गव्हाणीकडच्या रांगेला लागली. त्या दिवशी यार्ड भरलेलं होतं, गाड्या रिकाम्या व्हायला वेळ लागत होता. मी माझ्या कामाला लागलो. निरोप दिला, काम झालं, एवढंच मनात होतं.

ऊन कलल्यावर रिकामी गाडी परत आली. बिरू खाली उतरला आणि खिडकीशी आला.

“म्हंजी क्लोरीन दोन जातीचं,” तो म्हणाला. नमस्कार नाही, काही नाही. सकाळपासून तो तेच बोलत असल्यासारखा. “एक अठराचा, एक ईसचा.”

“हो.”

“आन् दोनी क्लोरीनच?”

“दोन्ही. प्रोटॉन सतराच आहेत ना.”

“गाडी तीच, भार येगळा,” तो म्हणाला.

“हो.”

त्याने पटका काढून तोंड पुसलं. “लय डोकं खाल्लं हुतं त्यानं. मी मेंढरामागं असताना वाटायचं, उरल्याला अर्धा असा कसा सोडून दिला.” मग विचारलं, “सर कुठं असत्यात आता?”

“माहीत नाही. जतच्या पलीकडे कुठेतरी.”

“मीबी तिकडचाच. पर दिसलं न्हाईत कवा.” त्याने पटका पुन्हा बांधला. “भेटलं तर सांगा त्यास्नी. पोचलं म्हणून.”

“सांगतो,” मी म्हणालो.

दांडी थांबली होती. मी रिकाम्या गाडीचं वजन सकाळच्या वजनाखाली लिहिलं, वजा केलं, आणि ऊस किती झाला ते त्याला मोठ्याने सांगितलं.